आल्याचा चहा

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

परवा तुझ्याशी बोलून फोन ठेवला आणि झोप उडाली. म्हणून एक फ्रेंच सिनेमा लावला, फ्रान्स्वा ओझोंचा, २००० सालचा. 'सू ल साब्ल', म्हणजे 'वाळूखाली'.

मारी आणि झाँ, मुरलेलं जोडपं, फ्रान्सच्या लांद भागात समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला आलेलं. ती वाळूत पडलेली, तो पोहायला जातो आणि परत येतच नाही. शोधाशोध होते, पण त्याचा काहीच पत्ता लागत नाही. पुढचं दृश्य थेट पॅरिसमधलं: मित्रांकडे जेवण चाललंय आणि मारी झाँबद्दल असं बोलते की जणू तो घरी वाट बघतोय. बाकीचे एकमेकांकडे बघतात. घरी येते, तर तो खरंच असतो! भूतबीत काही नाही, नेहमीचा जाडजूड नवरा. मारी झालेल्या शार्लट रॅम्पलिंगने हे इतकं साधं केलंय की आपणही त्याच्याशी बोलू लागू. समुद्राचा भाग उन्हाळ्यात घेतला, मग पैसे अडले आणि पॅरिसचा हिवाळ्यात झाला. त्या अडचणीनेच उजेड बदललाय, आणि तो शोभलाय.

पुढे एक प्रेत सापडतं. मारी हट्टाने ते बघते. आपल्याला दिसतो फक्त तिचा चेहरा. मग घड्याळ दाखवतात, तर म्हणते, हे त्याचं नव्हेच. आणि हसते.

सुमे, तिथे मी सिनेमा थांबवला. कारण मला ते जेवणाचं टेबल आठवलं. दिवाळीत तू म्हणालीस, "ह्यांना आल्याचा चहा चालत नाही," आणि मी तुला सुधारलं, "चालायचा नाही." वर्गात चूक दुरुस्त करावी तसं! तू गप्प झालीस, आणि मला वाटलं मी तुझ्या भल्याचंच केलं. सगळे म्हणत होते ना, हिला यातून बाहेर काढायला हवं. त्या सगळ्यांत मीही होते, पुढच्या रांगेत.

नंतर उरलेला बघितला. शेवटी ती पुन्हा त्याच किनाऱ्यावर, वाळूत हात घालून रडते. लांब कुणीतरी पुरुष उभा दिसतो आणि ती त्याच्याकडे धावत सुटते. धावू दे तिला, असं मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्यांनी ऐकलं असेल.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दुपारचा चहा मी करीन. भावजींना आल्याचा चालत नाही, लक्षात आहे.

तुझी,
माया