विषय : भाड्याने घेतलेल्या चित्रपटात ड्रॅगनच्या संवादांची सबटायटल्स नसणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

तुमच्या प्रतिनिधीशी फोनवर बोलून काही उपयोग झाला नाही, म्हणून हे लेखी.

मुलांसाठी तुमच्या अ‍ॅपवरून त्या ड्रॅगनच्या चित्रपटाचा दुसरा भाग भाड्याने घेतला. पहिल्या भागात ड्रॅगन तोंड उघडत नाही. दुसऱ्यात तो बोलतो, त्याच्या स्वतःच्या भाषेत, आणि मुलीला सोडून तो का गेला हे तिथेच कळतं. सगळा सिक्वेल त्या एका प्रसंगावर उभा आहे. तुमच्या प्रतीत तो नुसता गुरगुरतो, खाली अक्षर उमटत नाही.

असल्या संवादांसाठी फोर्स्ड सबटायटल्सचा वेगळा ट्रॅक असतो आणि बाकीची सबटायटल्स बंद असली तरी तेवढ्या ओळी दिसायला हव्यात, हे तुम्हाला मी शिकवायला नको. तो ट्रॅक तुम्ही चढवलेलाच नाही. सगळी सबटायटल्स सुरू केली तर प्रत्येक ओळीला ‘(अनोळखी भाषेत बोलतो)’. अनोळखी आहे हे आम्हाला ऐकूनच कळलं होतं.

आता फोनवरचं. आधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला लावलं, टीव्ही बंद-चालू करायला लावला. मग :

“मॅडम, ड्रॅगन कोणत्या भाषेत बोलतोय?”

“ड्रॅगनच्या.”

बराच वेळ टायपिंगचा आवाज. “मॅडम, ड्रॅगन ही भाषा आमच्याकडे सध्या उपलब्ध नाही. आपण दुसरी निवडू शकता.”

मी म्हटलं, अहो, ती चित्रपटापुरती बनवलेली भाषा आहे, ती कुणालाच येत नाही.

“कुणालाच येत नाही, तर मग सबटायटल्स कशी असणार, मॅडम?”

मी गप्प झाले. माझं समाधान झालं असं समजून त्यांनी पाचपैकी रेटिंग मागितलं!

तुमच्या नियमाने चित्रपट सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. तुमचा तांत्रिक विभाग उत्तर देणार ७२ तासांत. हा हिशेब कुणी बसवला, त्याचा सत्कार करा. उत्तर आलं ते असं : चित्रपट आता आपल्या खात्यात दिसत नाही, सबब अडचण तपासता येत नाही, कृपया पुन्हा भाड्याने घ्यावा. शिवाय पूर्ण पाहिला म्हणून पैसे परत नाहीत. पाहिला ना. ड्रॅगन काय म्हणाला ते पुढे कधीतरी कळेल, या आशेवर पाहिला.

धाकट्याने ठरवलंय की ड्रॅगनला भूक लागली होती. मग शेवटी ती मुलगी का रडते, याची उत्तरं मी देत बसलेय. पहिला भाग तुमच्याकडेच पाहिला होता, नीट दिसला होता, म्हणून तर विश्वासाने पुन्हा आलो.

भाड्याचे पैसे परत करा आणि ट्रॅक चढवा. तोवर चित्रपटाच्या पानावर स्पष्ट लिहा की ड्रॅगनचं बोलणं कळणार नाही. आठवड्याभरात हे झालं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन आणि त्या कॉलचं रेकॉर्डिंग तिथे मागवेन. ड्रॅगन ही भाषा उपलब्ध नाही, असं मला अधिकृतपणे सांगण्यात आलेलं आहे. ते न्यायाधीशांनाही ऐकू द्या.

तुमची अजून तरी ग्राहक