वल्ह्याची होडी आणि रानातले मासे

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र मिळाले. नदीतल्या माशांचा अभ्यास करायला इंजिनाची होडी का नको, आणि एवढीशी कायाक (वल्ह्याने चालवायची लहान, अरुंद होडी) उलटली तर काय, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाने आईची झोप उडाली असणार, म्हणून आधी तेच लिहितो. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय वल्हे हातात घ्यायचे नाही, वाहत्या पाण्यात नांगर होडीच्या बाजूला कधीच बांधायचा नाही आणि बुटक्या बंधाऱ्यावरून होडी कधीही न्यायची नाही, कारण त्याच्या पायथ्याशी उलटे फिरणारे पाणी माणसाला बाहेर पडू देत नाही. असा बंधारा आला की आम्ही होडी उचलून काठाने पलीकडे नेतो.

इंजिनाचा पंखा पाणवेलींत अडकतो आणि गाळ ढवळतो, तर कायाक वीतभर पाण्यातही तरंगते. त्यामुळे जिथे रस्ता नाही आणि मोठी होडी शिरत नाही अशा बाजूच्या फाट्यांत आणि लव्हाळ्यांच्या आड जाता येते. लहान जातींचे मासे बहुधा तिथेच सापडतात. शिवाय ती शांत असते, मात्र वल्हे होडीच्या काठावर आपटले की ती शांतता संपते, कारण पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. पाण्यावरची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा लावून हळूहळू वल्हवत गेले, तर वसंतात उथळ पाण्यात सनफिश नावाच्या माशांच्या नरांनी खणलेले वाटोळे खळगे आणि त्यांवर पहारा देणारे नर स्पष्ट दिसतात. टॉपमिनो हे लहान मासे वर वळलेल्या तोंडाने पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरतात. डार्टर हे लहान मासे मात्र खळाळातल्या दगडांमध्ये तळाशीच बसतात, कारण त्यांचे वाताशय (माशाला तरंगत ठेवणारी पोटातली हवेची पिशवी) अगदी लहान असते किंवा नसतेच.

खरे सांगायचे तर मासे धरण्याचे काम होडीतून फारसे होतच नाही. बसल्या जागेवरून हातजाळे एका बाजूला जोरात ओढले की होडी कलते. म्हणून ती काठाला लावून आम्ही पाण्यात उतरतो, खळाळाच्या खालच्या अंगाला जाळे धरतो आणि वरच्या अंगाचे दगड पायाने हलवतो. आधी प्रवाहाविरुद्ध वल्हवत जायचे, म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच होडी आणते.

या होडीचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो तिच्यातली अपुरी जागा. एका डब्यात फार मासे मावत नाहीत, त्यामुळे बहुतेक मासे अरुंद काचेच्या पेटीत ठेवून त्यांचे छायाचित्र घ्यायचे, माशाच्या परांमधले काटे मोजायचे आणि त्यांना तिथल्या तिथे सोडायचे, असाच क्रम पडतो. हात आधी ओले करायचे, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघून माशाला संसर्ग होतो. सोबत ठिकाण, तापमान, तळ वाळूचा की दगडांचा आणि जाळे किती वेळ फिरवले हे लिहायचे. मासा मिळाला नाही तरीही लिहायचे, कारण या नोंदीशिवाय पुढे एखादी जात घटली की नाही हे सांगता येत नाही. जे थोडे मासे न्यायचे, त्यांच्या पाण्याचा थंडावा टिकवावा लागतो: १० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून झाकणाची थंड पेटी, बॅटरीचा हवेचा पंप आणि वाटेत माशांना खाणे अजिबात घालायचे नाही.

मासे धरण्यापूर्वी परवाना लागतो, संरक्षित जातींना हात लावता येत नाही आणि एका नदीचा मासा दुसरीत सोडता येत नाही. तोच नियम होडीलाही लागू आहे. तिच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांच्या (नव्या पाण्यात झपाट्याने पसरणाऱ्या उपद्रवी शिंपल्यांच्या) डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या दुसऱ्या नदीत पोहोचू शकतात, म्हणून घरी आल्यावर पाणी पूर्ण उपसून, गाळ आणि वेली काढून होडी व जाळी कडक वाळवतो, आणि ती वाळेपर्यंत दुसऱ्या नदीवर जात नाही.

आईस साष्टांग नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक मुलगा