लाकूडकामाचं एकच मासिक घ्यायचं तर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत छंदांच्या मासिकांवर एक पान आलं होतं, त्यात बागकाम, फोटोग्राफी, स्वयंपाक सगळ्यांना भरपूर जागा होती आणि लाकूडकामाला जेमतेम एक ओळ, की परदेशी मासिकं मिळतात, आवड असेल त्यांनी घ्यावीत. अहो पण कुठलं घ्यावं? ज्याला घरी स्वतःच्या हाताने स्टूल, शेल्फ, छोटं कपाट करायचंय आणि वर्षाला एकाच मासिकाचे पैसे भरायचेत, त्याला नेमका तोच प्रश्न असतो. मी नाशिकला घराच्या मागच्या पडवीत बरीच वर्षं लाकूडकाम करते, धंदा म्हणून नाही, आवड म्हणून, आणि ही मासिकं आलटूनपालटून घेतलेली आहेत, भाचा अमेरिकेतनं येताना जुने अंक आणायचा तेही साठवलेत. पत्र लांबलंय पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकच घ्यायचं असेल तर फाइन वुडवर्किंग घ्या, आणि कागदावरचं नको, डिजिटल घ्या.

हे मासिक १९७५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावातनं पॉल रोमन आणि त्यांची बायको जॅन यांनी सुरू केलं. सुरुवातीला तिमाही होतं, काळंपांढरं, मोठ्या आकाराचं. आज ते जुने अंक उघडले तर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे लिहिणारी माणसं. टागे फ्रिड नावाचा डेन्मार्कमधे शिकलेला सुतार, जो नंतर अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या डिझाइन कॉलेजात शिकवत होता, तो पहिल्यापासनं त्यात लिहायचा, डव्हटेलचा, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या खाचांचा सांधा कसा आखायचा, कुठली रेघ ठेवायची आणि कुठली कापायची, करवत रेघेच्या कुठल्या अंगाला धरायची, आणि वाचताना जाणवतं की ह्या माणसाने हे हजार वेळा केलेलं आहे. अजूनही त्या मासिकाची पद्धत बहुतेक तीच आहे, म्हणजे लेख करणाऱ्याचाच असतो आणि संपादक त्याच्या वर्कशॉपमधे जाऊन फोटो काढतात, लेख नीट करून घेतात. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ऑफिसमधली टीम वस्तू बनवते आणि तीच टीम लिहिते. त्यात वाईट काही नाही पण वाचताना फरक कळतो.

दुसरं म्हणजे त्यांचं जुन्या अंकांत मेथड्स ऑफ वर्क नावाने येणारं सदर. वाचकांनी पाठवलेल्या युक्त्या, एकेका युक्तीला एक चित्र, पाच-सात ओळी मजकूर, बस. कोणीतरी क्लॅम्प कमी पडले म्हणून पाचर मारून फळ्या कशा आवळल्या ते लिहितो, कोणीतरी ड्रॉवर अडकतो तर काय घासायचं ते सांगतो. जिम रिची नावाचा माणूस कित्येक वर्षं ते सदर सांभाळत होता आणि चित्रंही तोच काढायचा. मला विचाराल तर नव्या माणसाने अंक हातात आल्यावर आधी हे पान वाचावं आणि मग बाकीचं.

आणि डिजिटल का, तर तिथे १९७५ पासूनचे सगळे अंक वाचायला मिळतात, हा खरा फायदा. छापील अंक इथपर्यंत मागवायचा तर टपालखर्चच मासिकाच्या किमतीच्या वर जातो आणि कधी येईल त्याचा भरवसा नाही. अर्थात स्क्रीनवर बघत पडवीत काम करणं हे त्रासाचंच आहे, भुसा उडतो, हात फेव्हिकॉलचे असतात, म्हणून मी लागेल ते पान प्रिंट काढून भिंतीला चिकटवते.

आता वुडस्मिथबद्दल, कारण आपल्याकडे नवशिक्याला सगळे तेच सुचवतात. हे आयोवा राज्यातल्या डे मॉइन गावचं, डॉन पेश्की यांनी १९७९ मधे सुरू केलं आणि कित्येक वर्षं त्यात एकही जाहिरात नव्हती. ड्रॉइंग बघावीत तर ह्यांचीच, वस्तूचा एकेक भाग सुटा करून दाखवलेला, प्रत्येक तुकड्याचं माप, आणि कापायच्या तुकड्यांची यादी. आणि इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते जी मी कुठेच लिहिलेली वाचली नाही. अमेरिकन मासिकं इंचात लिहितात, म्हणून इकडचे लोक कंटाळतात, पण आपला सुतार तर इंच आणि सुतातच बोलतो ना! एका इंचाची आठ सूत. मग त्यांचं पाऊण इंच म्हणजे आपले सहा सूत, त्यांचं तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत, सोळांश म्हणजे अर्धा सूत. आमच्या इथल्या सुतारकाकांना मी वुडस्मिथचं ड्रॉइंग दाखवलं तेव्हा इंग्रजी वाचता येत नसूनही त्यांनी मापं धडाधड वाचली, आणि तेच ऑस्ट्रेलियन मासिकातलं मिलिमीटरचं ड्रॉइंग दाखवलं तर टेप उलटी करकरून बघायला लागले. प्लायवूडचा ताव त्यांच्याकडेही आठ बाय चारचा आणि आपल्याकडेही आठ बाय चारचा, त्यामुळे एका तावातनं काय काय निघतं त्याचा नकाशा जसाच्या तसा वापरता येतो. फक्त जाडीला जपा, ते पाऊण इंच धरून चर पाडायला सांगतात आणि आपण अठरा एमएमचा प्लाय आणला तर चरात साधारण एक एमएम ढिला बसतो, म्हणून चर नेहमी हातातल्या प्लायवर मापूनच पाडायचा. लाकडाचा हिशोबही असाच, त्यांचा बोर्ड फूट म्हणजे १४४ घनइंच, बारा बोर्ड फूट झाले की आपला एक घनफूट, वखारीत भाव घनफुटातच सांगतात तेव्हा हे पाठ असलेलं बरं.

मग वुडस्मिथच का नको? कारण त्यात वस्तू शिकवतात. हे टेबल असं करा, हे कपाट असं करा. ते टेबल झालं की झालं. फाइन वुडवर्किंग पाय आणि आडपट्टीचा सांधा कसा करायचा, भोकात बसणारी जीभ किती जाड ठेवायची, फळी वर्षभरात किती हलणार ते शिकवतं आणि मग तुम्ही तुमच्या खोलीच्या मापाचं टेबल करता. आपल्याकडची घरं, कोनाडे, देवघरं त्यांच्या ड्रॉइंगमधे नसतातच, मग तयार वस्तूंच्या ड्रॉइंगचा आपल्याला उपयोग किती? ज्यांना मात्र पहिल्या वर्षी चार वस्तू घरात उभ्या करून घरच्यांना दाखवायच्या आहेत त्यांनी एक वर्ष वुडस्मिथ घ्यावं, माझी काही हरकत नाही.

वूड नावाचं पण एक आहे, तेही डे मॉइनचंच, १९८४ पासनंचं, गॅरेजमधे मोठी मशिनं असलेल्या लोकांसाठी ते चांगलं. आपल्याला त्याचा उपयोग कमी. टेबल सॉ, जॉइंटर, प्लेनर अशी कापायची आणि रंधायची मशिनं सगळी गृहीत धरलेली असतात, तिकडे ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे त्यांनी कौतुक केलेलं मशीन कोणी आणून दिलं तरी थेट लावता येत नाही.

पॉप्युलर वुडवर्किंग हे माझ्या मनातलं दुसऱ्या नंबरचं, विशेषतः ख्रिस्तोफर श्वार्झ आणि नंतर मेगन फिट्झपॅट्रिक संपादक होते तेव्हाचे अंक. त्या काळात त्यात हातहत्यारांवर भर होता, रंधा कसा लावायचा, पटाशीची धार, हाताने फळी सरळ करणं, म्हणजे जे गॅलरीत आणि पडवीत बसून करता येतं तेच. पण ह्या मासिकाच्या नशिबात फार हालचाली झाल्या. २०१४ मधे अमेरिकन वुडवर्कर हे दुसरं जुनं मासिक त्यात मिसळून टाकलं, मग २०१९ मधे त्यांची मालक कंपनी एफ प्लस डब्ल्यू दिवाळखोरीत गेली आणि मासिक दुसरीकडे विकलं गेलं. वुडस्मिथवाल्यांचंच शॉपनोट्स नावाचं सुंदर मासिक होतं, वर्कशॉपमधल्या जिग (काम अचूक व्हावं म्हणून वापरायचे साचे) आणि हत्यारांबद्दलचं, तेही २०१४ मधे बंद पडलं. म्हणून सांगते, तीन वर्षांची एकदम भरली तर सवलत देतात पण भरू नका, एकेका वर्षाचीच वर्गणी भरा.

इंग्लंडचं द वुडवर्कर तर १९०१ पासनंचं, आणि १९३९ पासनं पुढची काही दशकं चार्ल्स हेवर्ड त्याचे संपादक होते, लिहायचे तेच आणि चित्रंही तेच काढायचे. युद्धाच्या काळात लाकूड मिळत नव्हतं, कागद मिळत नव्हता तरी अंक काढले. जुनं काही हाती लागलं तर सोडू नका.

आणि एक मॉर्टिस अँड टेनन, जोशुआ क्लाइन यांनी मेन राज्यातनं २०१६ मधे सुरू केलेलं, जाहिरात नाही, पुस्तकासारखं जाड, पार्सलमधे रंध्याचे सालपे घालून पाठवतात. विजेच्या मशिनाशिवाय पूर्वीचे सुतार कसे काम करायचे हाच त्यांचा विषय, त्यामुळे सरस कसा शिजवायचा, कुऱ्हाडीने तासून नेमकं माप कसं आणायचं असलं सगळं त्यात असतं, जे आपल्याकडे जुन्या सुतारांच्या हातात अजून आहे. मला ते फार आवडतं. पण पहिलं मासिक म्हणून नाही, आधी करवत सरळ चालायला लागू दे मग ते घ्या.

फाइन वुडवर्किंग घेतलं तरी त्यातलं काय सोडून द्यायचं तेही सांगते. हत्यारांच्या परीक्षणांची पानं सरळ उलटा. मेनमधल्या ली-नीलसनचा रंधा आणि कॅनडाच्या व्हेरिटासचा रंधा ह्यांची तुलना वाचून काय करायचं, आपल्याला लुधियानाचा लोखंडी रंधा आणून त्याचा तळ घासून सपाट करायचाय, आणि तो कसा घासायचा ते ह्याच मासिकाच्या जुन्या अंकांत आहे. दुसरं लाकूड. त्यांची सगळी उदाहरणं ओक, चेरी, वॉलनट, मेपलची. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत व्हाइट ओक वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण साडेदहा टक्के आक्रसतो आणि सागवान साधारण पाच पूर्णांक आठ टक्के, म्हणजे सागवान जवळजवळ निम्माच हलतो. दाराच्या चौकटीत फळी बसवताना ओकसाठी सांगितलेली फट सागवानाला ठेवली तर ती उगाच जास्त होते. पण उलटही खरं आहे, कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या मे महिन्यात हवेतल्या दमटपणाचा जो फरक पडतो त्याचा विचार तिकडचा लेखक करणार नाही, तो आपणच करायचा. सागवान तेलकट असतो म्हणून फेव्हिकॉल लावायच्या आधी सांध्याच्या जागा थिनरच्या फडक्याने पुसून घ्याव्यात हेही ओकवरच्या लेखात कशाला येईल. पॉलिशचं मात्र उलट आहे, ते लोक ज्या शेलॅकचं एवढं कौतुक करतात ती आपलीच लाख, झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातली, तेव्हा त्यांची फ्रेंच पॉलिशची पद्धत बिनधास्त वापरा, माल इथे ताजा आणि स्वस्त मिळतो.

तिकडच्या मासिकांत डोकं घालणं म्हणजे आपलं सोडणं असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. जॉर्ज नाकाशिमा हा अमेरिकेतला एवढा मोठा फर्निचरवाला, तो १९३७ ते ३९ पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होता, आणि नंतर १९६४ मधे अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत येऊन त्याने फर्निचर केलं. लाकूडकाम करणारी माणसं कायमच इकडनं तिकडे शिकत आलेली आहेत.

मला खटकतं ते वेगळंच. फाइन वुडवर्किंगमधे अमेरिकेतल्या कुठल्यातरी लहान गावचा सुतार स्वतःची युक्ती लिहितो आणि ती मी नाशिकला वाचते. आणि माझ्या घरापासनं दोन गल्ल्यांवर बसणारे सुतारकाका फळीला पीळ आहे का ते दोन सारख्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एका डोळ्याने बघून क्षणात सांगतात, त्या मासिकांत ह्याच युक्तीवर सचित्र लेख असतो, पण काकांचं कोणी लिहून घेतलेलं नाही. बल्लारशाचा सागवान आणि बाहेरनं आलेला सागवान हातात घेऊन ओळखणारी वखारीतली माणसं, सावंतवाडीला पांगाऱ्याची खेळणी कातणारे, बैलगाडीची चाकं केलेले म्हातारे सुतार, ह्यांच्याकडे किती आहे आणि मराठीत त्यातलं किती छापलंय?

तुमच्या पुरवणीत महिन्यातनं एकदा चौथाई पान द्या. एक युक्ती, एक चित्र, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव, एवढंच. लिहिता न येणाऱ्याकडनं कोणीतरी ऐकून लिहून पाठवेल. माप सुतातच छापा. सुतारकाकांना विचारलंय, ते नाव छापायला तयार आहेत, त्यांची पट्ट्यांची युक्ती चित्रासकट वेगळ्या पाकिटात पाठवत आहे.

आपली,
एक वाचक, नाशिक