तपासून दिलेली चेनसॉ सुरूच होत नाही : रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वापरलेल्या चेनसॉचा पिस्टन खराब निघाल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार.

महोदय,

आपल्या कंपनीची ‘तपासून, दुरुस्त करून दिलेली’ वापरलेली चेनसॉ (लाकूड कापायची इंजिनावरची साखळी-करवत) २६ दिवसांपासून माझ्याकडे पडून आहे आणि इतक्या दिवसांत ती एक मिनिटभरही चाललेली नाही. तिच्या पिस्टनवर उभे ओरखडे आहेत. ‘मशीन ग्राहकाने उघडल्यामुळे आणि चुकीच्या वापरामुळे खराब झाले, सबब वॉरंटी लागू नाही,’ असं आपल्या विभागाचं परवाचं उत्तर आहे. जे मशीन माझ्या हातात चाललंच नाही, त्याचा पिस्टन मी वापरून कसा खराब केला, हे कृपया आपणच समजावून सांगावं.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या दिवशी फुल चोकवर (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप पूर्ण लावून) ठेवून मी दोरी बारा-पंधरा वेळा ओढली. इंजिन एकदा ‘फट्’ करून गेलं की चोक अर्ध्यावर आणायचा असतो, हे मला माहीत आहे. चेनसॉ मी पूर्वीही वापरलेली आहे. पण ते ‘फट्’ आलंच नाही, आणि त्याची वाट पाहत मी ओढत राहिले. प्लग काढला तर तो पेट्रोलने निथळत होता. आपल्या हेल्पलाइनने सांगितलं, ‘पेट्रोल ओव्हर झालंय.’ झालंच होतं. प्लग पुसून वाळवला, स्विच बंद करून प्लगशिवाय वीसेक वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढलं, तासभर मशीन तसंच ठेवलं आणि चोक न लावता पुन्हा प्रयत्न केला. ढिम्म.

इथून पुढे आपल्या हेल्पलाइनला नऊ फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘स्विच चालू आहे का?’ तो चालूच होता. मग पेट्रोल जुनं असेल म्हणाले. मी ताजं आणून १ लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल मोजून घातलं, म्हणजे मशीनच्या झाकणावर लिहिल्याप्रमाणे ५०:१. मग प्लग बदला म्हणाले. नवा आणला, गॅप ०.५ मिमी तपासून बसवला. पण काढलेला प्लगही कोराच होता, तो आपणच बदललेला असणार. दोन्ही प्लगना करंट व्यवस्थित येत होता. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने ओढून पाहिला, स्वच्छ. पेट्रोलची नळी कुठे चिरलेली नाही. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर तर इतका नवा की त्यावर धुळीचा कण नव्हता. बाकी मशीनवर वर्षांचे व्रण आणि मध्ये हा चकचकीत कार्बोरेटर, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पाचव्या फोनवरच्या गृहस्थांनी विचारलं, ‘घरात कुणी पुरुष माणूस आहे का? दोरी जरा जोरात ओढावी लागते.’ हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. अपमान झाला तो झालाच, पण त्यांनी ताकदीची शंका घेण्याऐवजी दोरी हाताला कशी लागते एवढं विचारलं असतं, तर दोषाचं निदान तिथेच झालं असतं. दोरी जड नव्हतीच. फार हलकी होती. चांगल्या इंजिनाची दोरी ओढताना कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, ठोका हाताला जाणवतो, थोडं अडतं, मग सुटतं. ही दोरी विहिरीतून रिकामी बादली ओढावी तशी सरसर येत होती. पेट्रोल आहे, करंट आहे आणि दोरी हलकी आहे, म्हटल्यावर कार्बोरेटरच्या मागे लागण्यात काय अर्थ होता?

आठव्या फोनवर मला सांगण्यात आलं, ‘सायलेन्सरच्या जाळीत कार्बन बसला असेल. सायलेन्सर काढून जाळी ब्रशने घासा.’ त्या सूचनेचा मेसेज माझ्याकडे आहे. तो सोबत जोडला आहे. त्याप्रमाणे मी दोन बोल्ट काढून सायलेन्सर सोडवला. जाळी स्वच्छ होती. पण सायलेन्सर निघाला की सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचं तोंड उघडं होतं आणि त्यातून थेट पिस्टन दिसतो. टॉर्च धरून दोरी हळूहळू ओढली. पिस्टन वर आला तसा त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत गेलेला ओरखड्यांचा पट्टा दिसला, बोटाच्या पेराएवढा रुंद. नख फिरवलं तर नख अडकत होतं. पिस्टनभोवतीची वरची रिंग (हवेची फट बंद ठेवणारं कडं) एका बाजूला धातू घासून खाचेत चिकटून बसली आहे.

ओळखीच्या एका मेकॅनिकला मशीन दाखवलं. त्यांनी कापायची पट्टी आणि साखळी (बार-चेन) उतरवली, दोरीची मूठ धरली आणि मशीन तसंच उचललं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर मशीन मुठीला लटकून राहतं किंवा अडत अडत खाली येतं. आमचं सरळ खाली गेलं. दहा सेकंदांचं काम. मग त्यांनी प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावून, थ्रॉटल पूर्ण दाबून सहा वेळा दोरी ओढली. काटा ७५ पीएसआयवर थांबला. चांगल्या चेनसॉत हा आकडा साधारण १२० ते १५० असतो, आणि ९० च्या खाली गेला की मशीन सुरू होण्याची आशा सोडावी. या मॉडेलला डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी हलकी व्हावी म्हणून दाब सोडणारी झडप) नाही, त्यामुळे तिथून हवा जात असेल ही पळवाटही नाही.

पुढचं नीट वाचावं. मेकॅनिकने प्लगच्या भोकातून ऑइलचे पाच-सहा थेंब सोडले आणि पुन्हा मोजलं. काटा १०० च्या वर गेला, कारण घासलेल्या रिंगेची फट ऑइलने तेवढ्यापुरती भरून निघते. प्लग लावून दोरी ओढली, तर मशीन सुरू झालं! चार-पाच सेकंद, पांढऱ्या-निळ्या धुराच्या लोटात. ऑइल जळून गेलं आणि मशीन बंद. पुन्हा सुरू झालं नाही.

मशीन पाठवण्याआधी ‘चालू स्थितीचा पुरावा’ म्हणून आपण मला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात मशीन एका ओढीत सुरू होतं, सहा सेकंद चालतं आणि व्हिडिओ संपतो. त्या सहा सेकंदांत मागची भिंत दिसेनाशी होईल इतका धूर आहे. तेव्हा मला वाटलं, बरेच दिवस बंद असेल, म्हणून धूर. आता तो व्हिडिओ मी पुन:पुन्हा पाहते आहे. माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळे आरोप करत नाही. फक्त विचारते : या मशीनचं लागोपाठ दहा मिनिटं चाललेलं चित्रीकरण आपल्याकडे आहे का? असल्यास पाठवावं.

सोबत आलेल्या तपासणी कार्डावर ‘कॉम्प्रेशन’ या शब्दापुढे बरोबरची खूण आहे. आकडा नाही. कॉम्प्रेशन हा आकडा असतो, खूण नसते. कोणत्या तारखेला, कोणत्या गेजवर, किती आलं, हे मला लेखी हवं आहे.

आता वॉरंटी नाकारण्याची आपली दोन कारणं. पहिलं, मी सायलेन्सर उघडला. आपल्याच माणसाने सांगितलं म्हणून उघडला, आणि सायलेन्सरचे बोल्ट काढल्याने पिस्टनवर ओरखडे उठत नाहीत. दुसरं, ‘ऑइल न घालता पेट्रोल वापरलं.’ धुराच्या तोंडाकडचा पिस्टन असा खरवडला जातो तो ऑइलविना पेट्रोलमुळे, किंवा कुठून तरी हवा ओढल्याने मिश्रण कोरडं पडल्यामुळे (म्हणजे हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी). एवढ्यापुरतं आपलं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यासाठी इंजिन चालावं लागतं, तापावं लागतं. दोरी ओढून कुणाचा पिस्टन जळत नाही. शिवाय टाकीतलं मिश्रण मी बाटलीत काढून ठेवलं आहे. ऑइलचा रंग त्यात उघड दिसतो. हवं तर तपासून घ्यावं.

काल आपल्याकडून फोन आला की ‘सद्भावना म्हणून’ नवा पिस्टन आणि सिलिंडर बसवून देऊ. मला ते नको आहे, आणि त्यामागे हट्ट नाही. पहिला पिस्टन का गेला हे शोधल्याशिवाय दुसरा बसवला तर तोही जाणार. क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचे, ऑइल सील गळत असतील किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं रबर चिरलेलं असेल, तर मिश्रण पुन्हा कोरडंच पडेल. ही गळती शोधायला इंजिन बंदिस्त करून प्रेशर आणि व्हॅक्यूम टेस्ट करावी लागते. ती करणार का, असं मी फोनवर विचारलं. पलीकडच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘आमच्याकडे ती होत नाही.’ या प्रामाणिकपणाबद्दल त्यांचे आभार. पण मग ‘दुरुस्त करून दिलेली’ या शब्दांत काय काय येतं, हे कंपनीने जाहिरातीत लिहायला हवं.

तरी माझी मागणी अशी. मशीनची पूर्ण रक्कम परत मिळावी. मशीन आपल्या खर्चाने घेऊन जावं. नव्या प्लगचा खर्च मी मागत नाही, तो माझ्या दुसऱ्या चेनसॉला चालेल. नाकारल्याचं उत्तर आपण मागे घेतल्याचं लेखी कळवावं, कारण ‘चुकीचा वापर’ हा शेरा माझ्या नावावर राहू देण्याची माझी तयारी नाही. हे पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

पिस्टनचे चार फोटो, गेजवरच्या आकड्याचा फोटो, तपासणी कार्डाची प्रत, सायलेन्सर उघडण्याच्या सूचनेचा मेसेज आणि आपलाच तो सहा सेकंदांचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. मशीन मूळ खोक्यात भरून ठेवलं आहे. टाकी रिकामी केली आहे, बारवर कव्हर आहे. सायलेन्सर पुन्हा बसवलेला नाही. तो आणि त्याचे दोन बोल्ट वेगळ्या पिशवीत आहेत, म्हणजे न्यायला येणाऱ्यालाही दारातच टॉर्च मारून पाहता येईल.

कळावे,
आपली ग्राहक