काका, त्या बर्नरबद्दल आणि बऱ्याच गोष्टींबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जुने, आटोपशीर गॅस ग्रिल जमवणारे पुष्कळ भेटतात. ते पेटवून त्यांवर रोज रांधणारे त्या मानाने थोडे. मी त्या थोड्यांत आले ती तुमच्यामुळे, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

'धातू जुना चालेल, रबर नाही', हा तुमचा पहिला धडा. ओतीव ॲल्युमिनियमचा सांगाडा लोखंडासारखा गंजून जात नाही, दशकं उलटली तरी ठणठणीत राहतो. गॅसची नळी मात्र ताठरते, तिला भेगा पडतात, आणि रेग्युलेटरच्या आतला रबरी पडदाही तसाच थकतो. म्हणून ग्रिल कितीही देखणा असो, आधी हे दोन्ही नवे बसवायचे आणि मग साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासायचा. ग्रिलमध्ये जळणारा प्रोपेन गॅस हवेच्या साधारण दीडपट जड असतो. गळला तर तळाशी साचून राहतो. त्यामुळे झाकण उघडल्याशिवाय ग्रिल पेटवायचा नाही, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता हात आपोआप आधी झाकणाकडेच जातो.

ज्योत पिवळी आणि लवलवती येत होती, तेव्हा तुम्ही फोनवरच विचारलंत, 'बर्नरच्या नळीत कोळी बघितलास का?' बर्नरच्या तोंडाशी जिथून हवा आत ओढली जाते, तिथे लांब ब्रश फिरवला आणि कोळ्याच्या जाळ्याचा कापसासारखा पांढरा गोळा बाहेर आला. परत पेटवलं, तर ज्योत निळी, बुटकी, एकसारखी! झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे म्हणजे उडालेला रंग नव्हे, जळून चिकटलेली चरबी आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. रंग समजून किती चांगले ग्रिल भंगारात जात असतील, याचं फार वाईट वाटतं.

रांधण्याबद्दल एकच सांगते. एका बर्नरच्या ग्रिलला थंड बाजू नसते, त्यामुळे हाडासकट कोंबडी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. जाळीवर दुहेरी फॉइल, त्यावर तारेची घडवंची आणि तिच्यावर कोंबडी, झाकण बंद, आच मंद: ही तुमची युक्ती. आतलं तापमान 74 अंश सेल्सिअसला पोचतं तोवर कातडी कुरकुरीत झालेली असते. इतकी छान कोंबडी मोठ्या ग्रिलवरही मला कधी जमली नव्हती.

आणि तो बर्नर. बाजारात तो मिळणं केव्हाच बंद झालंय. तुम्ही स्वतःच्या साठ्यातला काढून दिलात, पैशांचा विषयही काढू दिला नाहीत. तो साठा तुम्ही किती जपून जमवलाय, हे मी पाहिलंय. त्यातला एक माझ्या हातात ठेवलात, याचं मोल मला पुरेपूर कळतं.

तुमच्या लाव्हा खड्यांच्या (ज्योतीवर लाव्हाचे दगड पसरलेल्या) ग्रिलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये जाम बसलेत म्हणालात. तेल सोडून ठेवा, रविवारी येते. दोघं मिळून काढू.

तुमची,
एक शिष्या