दुकान दादाच्या नावावर करण्याबद्दल

सांगोला

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "विधानसभेला उभं राहायचं ठरलं तर दुकान दादाच्या नावावर करू, म्हणजे कायद्याची अडचण नको." तेव्हा मी गप्प राहिलो, कारण हे सविस्तर लिहूनच सांगायला हवं होतं.

कायदा तू बरोबर वाचलास. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9अ म्हणतं की सरकारला माल पुरवायचं किंवा सरकारी काम करायचं कंत्राट उमेदवाराने आपल्या धंद्यात स्वतः घेतलेलं असेल आणि ते चालू असेल, तर तो अपात्र. भावाचं कंत्राट त्यात येत नाही. 1951 च्या मूळ कायद्यात दुसऱ्याच्या आडून आपल्या फायद्यासाठी ठेवलेला हिस्साही धरला होता. पुढे ते शब्द गेले. याउलट 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम 14 बघ. पंचायतीच्या कामात अप्रत्यक्ष हितसंबंध असला तरी सदस्यत्व जातं. गावच्या साध्या सदस्याला जे चालत नाही, ते आमदाराला चालतं! 2018 पासून उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराची आणि अवलंबितांची सरकारी कंत्राटंही लिहावी लागतात. पण दादा काही तुझ्यावर अवलंबून नाही. म्हणजे कागदावर तू स्वच्छच राहशील, आणि मला काळजी नेमकी त्याचीच आहे.

आपण सिमेंट आणि सळई विकतो. सरकारशी आपलं थेट कंत्राट एकही नाही, पण रस्ते, पूल, शाळाखोल्या बांधणारे ठेकेदार आपल्याकडूनच माल उचलतात. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींची कामं सुचवता येतात. ती कामं ज्याला मिळतील तो ठेकेदार कुणी न सांगता आपल्या दारात येईल. दादाने एका शब्दाने मागितलं नाही तरी येईल. आणि उद्या त्याचा पूल खचला, तर सभागृहात उठून प्रश्न विचारताना तुझी जीभ अडखळणार नाही का?

तू आबासाहेबांच्या गावात वाढलीस. आबासाहेब, म्हणजे गणपतराव देशमुख, 1962 मध्ये पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला आणि 1995 ला पडले, तरी एकूण अकरा वेळा याच सांगोल्यातून, शेतकरी कामगार पक्षाकडूनच विधानसभेत गेले. दोनदा मंत्री झाले. तरी मुंबईला निघालेला हा माणूस एस.टी.त दिसायचा. त्यांनी सूतगिरणी उभी केली, ती शेतकऱ्यांची सहकारी. वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी ते वर्षानुवर्षं लढले, तेव्हा त्यांच्या घरच्या धंद्याचं पाणी कुठे मुरतंय असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण तसा धंदाच नव्हता. आपलं तसं नाही. आजोबांनी उभं केलेलं दुकान आहे, चार घरांची चूल त्यावर पेटते. ते बंद कर असं मी म्हणणार नाही. धंदेवाल्याच्या लेकीने निवडणूक लढवू नये, असंही मला मुळीच वाटत नाही. व्याज, उधारी, मजुरी, जीएसटी ज्याला रोज सोसावं लागतं, असं माणूस सभागृहात हवंच.

माझी अट एकच. अर्ज भरायच्या आधी सरकारी कामाच्या ठेकेदारांना माल देणं थांबवायचं, आणि तू आमदार असेपर्यंत ते पुन्हा सुरू करायचं नाही. घर बांधणारा, विहीर बांधणारा, गोठा घालणारा, एवढ्या गिऱ्हाइकावर दुकान चालवायचं. विक्री निम्म्याने घटेल असा माझा अंदाज आहे. दादाला हे अजून पटलेलं नाही आणि त्याची चिडचिड मला समजते, कारण निवडणूक तुझी आणि तोटा त्याचा. त्याच्याशी तूच बोल, मी मध्ये पडणार नाही.

उधारीच्या वह्या मी काढून ठेवल्या आहेत. ठेकेदारांकडची बाकी दिवाळीपर्यंत वसूल व्हायला हवी. आमदाराच्या घरचं देणं डोक्यावर असलेला ठेकेदार तुलाही नको आणि त्यालाही नको. दिवाळीला चार दिवस जास्त काढून ये.

तुझे बाबा