पाळी गेलेल्या बाईलाही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पाळी गेलेल्या स्त्रियांचं लैंगिक आरोग्य आणि त्यात एकट्या बाईचा हक्क

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायचा कागद, भरतात, तो आपल्या नजरेखालून गेला असेल. त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत. स्तनात गाठ लागते का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का, संबंधानंतर रक्त जातं का, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का. कर्करोग वेळेत सापडावा म्हणून ते आहेत आणि ते मोलाचे आहेत. पत्राची सुरुवात मी मुद्दाम त्यांच्यापासून करते आहे. मी पुढे जे मागणार आहे, त्यावर 'आपल्याकडे बायकांना असलं विचारता येत नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. पण संबंधानंतर रक्त जातं का, हे आज राज्यभर घराच्या ओसरीवर बसून विचारलं जातं आहे आणि बायका त्याचं उत्तर देत आहेत. मग त्याच ओळीखाली 'खालची जागा कोरडी पडते का, आग होते का, दुखतं का' एवढं का विचारलं जाऊ नये?

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. नोकरीचा बराच काळ स्त्रीरोग ओपीडीत गेला. वय ६१, पती हयात नाहीत. हे पत्र मी ओपीडीत भेटलेल्या बायकांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासाठीही.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. अंगातून वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते, याबद्दल वर्तमानपत्रांतही छापून येतं. पण इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा आणि लवचिकपणा जातो, मूत्रमार्गाची त्वचाही तशीच नाजूक होते, हे बाईला कुणी सांगत नाही. मग लघवीला आग होते, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं, बसलं तरी टोचतं, आणि संबंधाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं दुखतं. निम्म्याच्या आसपास स्त्रियांना हा त्रास कमीजास्त होतो. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांनी ओसरतात. हा त्रास मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो. डॉक्टर मंडळींनी २०१४ साली त्याला 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' असं स्वतंत्र नाव दिलं. आपल्या देशात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे बाईची पुढची पंचवीस-तीस वर्षं या शरीरात जायची असतात.

आणि या वर्षांची नोंद किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना प्रश्न विचारतं. पन्नाशी ओलांडली की बाई त्या वहीतून बाहेर.

ओपीडीत एक बाई लघवीच्या आगीसाठी सारखी यायची. दर वेळी लघवीची तपासणी, दर वेळी अँटिबायोटिक. एकदा टेबलाजवळ गर्दी नव्हती, म्हणून मी विचारलं, "मावशी, जागा कोरडी पडती का?" त्या लगेच म्हणाल्या, "पडती की. पण आता कुणाला सांगायचं? मालक जाऊन किती वर्षं झाली." त्यांच्या लेखी त्या जागेचं दुखणं सांगायचा अधिकार नवऱ्याबरोबरच गेला होता. खरं सांगायचं तर आमच्या लेखीही तसंच होतं. कोरडेपणाचा प्रश्न विचारलाच, तर आधी 'मिस्टर आहेत का?' असं विचारून. नाहीत म्हटलं की पुढचा रकाना कोरा. ज्या बाईला नवरा आहे तिचं दुखणंही 'मिस्टर नाराज असतात' या वाटेनंच आमच्यापर्यंत यायचं. बाईला स्वतःला दुखतं आणि स्वतःला सुख हवं असतं, ही गोष्ट आपल्या यंत्रणेत कुठेच लिहिलेली नाही.

आता मूळ विषयाकडे येते. माळकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ असलेली, साठीच्या घरातली एक बाई डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर माझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, रात्री कधी कधी मनात येतं. हात जातो. या वयात असं होणं म्हणजे काही रोग तर नाही ना?" मी तिला सांगितलं, रोग नाही, पाप नाही, आणि हे फक्त तुम्हालाच होतं असंही नाही. ती खुर्चीवर बसली आणि रडली. हे तिला तोवर कुणीच सांगितलेलं नव्हतं. तिला सांगायला चार वाक्यं पुरली होती, मंत्रिमहोदय. ती चार वाक्यं राज्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात कुणीतरी म्हणावीत, एवढ्यासाठी हा सगळा पत्रप्रपंच.

हस्तमैथुनानं स्त्रीला अशक्तपणा येत नाही, गर्भाशय बिघडत नाही, डोक्यावर परिणाम होत नाही. सुखाच्या शिखराला पोचण्याची शरीराची ताकद पाळीबरोबर जात नाही. फरक पडतो तो वेळेचा आणि स्पर्शाचा. पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पूर्वी आवडणारा दाब आता टोचू शकतो. सुखाची मुख्य जागा क्लिटोरिस आहे, मूत्रद्वाराच्या वरच्या बाजूचा तो लहानसा अवयव. अनेक मुलं झालेल्या बायकांना तो अवयव कशासाठी आहे हे माहीत नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उत्तेजनानं त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि ते तिथल्या नाजूक झालेल्या त्वचेच्या भल्याचं असतं. त्यासाठी जोडीदार असलाच पाहिजे असं नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनी इच्छा किंवा सुख कमी होऊ शकतं, आणि ते डॉक्टरांशी बोलून बदलताही येतं. ज्या बाईला काहीच नको वाटतं आणि त्याचं तिला दुःखही नाही, तिला आजारी ठरवायचं कारण नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नवऱ्याला हवं म्हणून साठीतही दुखणं सोसत राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. 'नको' म्हणायचा तिचा हक्कही तिला याच वेळी सांगावा.

उपाय महागडे नाहीत. पाण्यावर आधारित जेल लागतं. खोबरेल तेल बायका वापरतात, पण त्यानं निरोध कमकुवत होतो हे सांगावं लागतं. दुखणं जास्त असेल तर एस्ट्रिओलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, मलम असतं, पहिले दोन-तीन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा लावायचं. मी जिथे नोकरी केली, तिथल्या औषध भांडारात ते कधी नसायचं. बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली की निम्म्या बायका आणत नसत. हार्मोन म्हटलं की लोक घाबरतात आणि ती भीती २००२ साली निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतरची आहे. पण तो अभ्यास पोटात घ्यायच्या गोळ्यांचा होता. जागेवर लावायच्या मलमातलं फारच थोडं औषध रक्तात जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचा मोठा इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये, आणि पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल तर आधी तपासणी, मग मलम.

या सगळ्यात बीडच्या बायकांचा मला विसर पडत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी आकडेवारी आली, तीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याचं सगळं एका दिवसात ओढवतं. अंडाशय ठेवलं तरी ते लवकर येऊ शकतं. ऑपरेशन का झालं, कुणी केलं, यावर बोललं गेलं ते योग्यच. पण पस्तिशीत कोरड्या झालेल्या शरीराचं पुढे काय होतं, हे त्या बायकांना कुणी विचारलं? कोयत्यावर जाणाऱ्या बाईला अंगसुखाचं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्याशी कधी बोलून पाहावं.

विधवांबद्दल आपल्याच शासनानं एक मोठं पाऊल उचललेलं आहे. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत. मला त्या ठरावाचा अभिमान वाटतो. नवरा गेल्यावरही बाईचं शरीर तिचं असतं, हेच त्या गावानं म्हटलं. मी तेच आरोग्य खात्याच्या भाषेत मागते आहे.

आणि महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरं देत. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचा प्रश्नही असे. त्या उत्तरांसाठी १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. खटला हरला, दंड झाला. आज तीच माहिती द्यायला सरकारी परिचारिकेला कुणाची भीती नसावी.

भीतीचं आणखी एक ठिकाण आहे, कायद्याचं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. बाहेरून आलेले बॉडी मसाजर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी, ते लैंगिक सुखासाठीही वापरता येतील म्हणून, १९६४च्या अश्लीलताविषयक अधिसूचनेखाली जप्त केले होते. न्यायालयानं ती जप्ती टिकू दिली नाही. सीमाशुल्क हा केंद्राचा विषय आहे, मला कळतं. पण सांधे आखडलेल्या, हातात जोर न राहिलेल्या बाईसाठी असं कंपन देणारं उपकरण ही सोयीची वस्तू आहे. ते चोरून, अंधारात, भलत्या दर्जाचं घ्यावं लागू नये. आपण राज्यातर्फे केंद्राला एवढं लिहावं की प्रौढ स्त्रीनं स्वतःसाठी वापरायच्या अशा वस्तू आरोग्याच्या वस्तू म्हणून पाहिल्या जाव्यात, त्यांचा दर्जा ठरवावा आणि त्या विकणाऱ्या औषध दुकानदाराला त्रास होऊ नये.

राज्यात २०२२च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियान झालं, लाखो बायका तपासल्या गेल्या. चांगलं काम झालं. पुढच्या वेळी तपासणीच्या कागदावर बाई केवळ घरासाठी नव्हे, तर स्वतःसाठीही असावी. जागतिक आरोग्य संघटनेनं लैंगिक आरोग्याच्या व्याख्येत सुखाचा अनुभव, सक्तीविना आणि सुरक्षित, हे शब्द केव्हाच घातले आहेत.

रजोनिवृत्तीसाठी सरकारी रुग्णालयात वेगळी ओपीडी असावी, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. ती जिथे जिथे असेल तिथे हाडांची आणि साखरेची तपासणी होईलच. तिथे कोरडेपणाचा, दुखण्याचा आणि इच्छेचा प्रश्न मिस्टरांचा उल्लेख न करता विचारला जावा. एस्ट्रिओलचं मलम आणि साधं जेल ग्रामीण रुग्णालयाच्या भांडारात असावं. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि आशाताईला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळावं, आणि त्यात स्वतःच्या हातानं सुख घेण्याबद्दल बोलायचा सराव करून घ्यावा. नुसतं वाचून ते तोंडातून निघत नाही, हे मी अनुभवानं सांगते. टेबलाभोवती एक पडदा असावा, कारण पुढच्या चार पेशंट मानेवर उभ्या असताना कुठलीही बाई हे सांगणार नाही.

या प्रशिक्षणासाठी माणसं कमी पडली, तर माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मी मानधन न घेता येईन, आणि ज्यांना मी ओळखते त्या मैत्रिणीही येतील. कुठल्या जिल्ह्यात कधी यायचं, तेवढं आपल्या कार्यालयानं कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका